सरीच्या मापानं

जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलमध्ये एक जागा अशी असते, की तिथं वर्षानुवर्षं उजेड पोचत नाही. मधल्या आडव्या लोखंडावर बाजूचा दांडा चढलेला असतो, दोघांना बोल्टांनी आवळून टाकलेलं असतं, आणि बाहेर पावसाळे येतात, उन्हाळे जातात, लाल रंग आधी विटतो, मग पोपडे धरतो, मग नुसता गंज आणि वाळून खडखडीत झालेला काळा चिखल. पण त्या दोन लोखंडांच्या मिठीत कारखान्यातला रंग जसाच्या तसा राहतो. पुढची चाकं फाकवायची म्हणून दांडा बाहेर सरकतो आणि दोन बोटं रुंदीची ती पट्टी एकदम उन्हात येते. ग्रीसनं माखलेली, लालभडक.

मला ती पट्टी बघायला आवडायचं, आणि आप्पांना ती लवकर पुसून पुढच्या कामाला लागायचं असायचं.

कृष्णाकाठच्या आमच्या काळ्या रानात ऊस आणि सोयाबीन आळीपाळीनं येतात, आणि दोघांची चालण्याची वाट वेगळी. उसाची सरी चार फुटांची. ओळ ट्रॅक्टरच्या पोटाखाली घ्यायची, चाकं दोन्ही बाजूंनी चालवायची. सोयाबीन दीड-दीड फुटावर. तिथं तीन ओळी पोटाखाली येतात आणि चाकांना साडेचार फुटांचं अंतर लागतं. म्हणजे 54 इंच. एक्सलची भोकं मात्र 52 ला आणि 56 ला. रानाचं माप आणि लोखंडाचं माप यांच्यात एवढे दोन इंच कायमचे राहून गेलेले. आप्पा 56 घ्यायचे. "पोटाखालच्या ओळींना मोकळं ठेवावं," म्हणायचे, "त्या आपल्या भरवशावर असतात."

आदल्या रात्री बोल्टांवर डिझेल सोडून ठेवायचं. सकाळी मागच्या चाकांना उट्या लावायच्या, हँडब्रेक ओढायचा आणि जॅक पुढं घ्यायचा. हा एक्सल मधोमध एका जाड पिनेवर झुलत असतो, ढेकळांत एक चाक वर गेलं तर दुसरं खाली बसावं म्हणून. रानात हेच झुलणं उपयोगाचं, पण तोंड वर उचलल्यावर तेच सगळ्या धुडाला एका कुशीवर लोळवू शकतं. म्हणून एक्सलच्या वरच्या फटीत दोन्हीकडून बाभळीच्या पाचरी ठोकायच्या, खाली ठोकळे रचायचे, आणि मगच पान्याला हात घालायचा. पान्याच्या मुठीत नळीचा तुकडा अडकवून आप्पा सगळं अंग टाकत. काही क्षण काहीच व्हायचं नाही. मग लोखंडाच्या आतून कुठूनतरी कुरकुरत, नाखुशीनं, एक सूत.

सुटला!

आता थोडं त्या एक्सलच्या आकाराविषयी, कारण तो मला फार उशिरा कळला आणि कळल्यापासून डोक्यातून जात नाही. पुढून बघितलं तर तो सरळ आडवा वाटतो. वरून बघितलं तर त्याचे दोन्ही बाहू मध्यापासून किंचित मागं झुकलेले दिसतात, आकाशातून जाणाऱ्या घारीच्या पंखांसारखे. ही करामत हॅरी फर्ग्युसनची. हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा, 1909 साली स्वतः बांधलेल्या विमानातून उडालेला. त्याचा राखाडी टीई-20 ट्रॅक्टर 1946 पासून इंग्लंडात कॉव्हेंट्रीला बनू लागला, दहा वर्षांत पाच लाखांवर गेला, आणि त्याच घराण्यातला लाल मॅसी फर्ग्युसन पुढं मद्रासच्या टॅफेकडून आमच्यासारख्यांच्या दारात आला. त्या राखाडी ट्रॅक्टरची पुढची चाकं 48 इंचांपासून पुढं फाकवता यायची, चार-चार इंचांच्या टप्प्यांनी. पण खरी गोष्ट ती नव्हे. स्टिअरिंगपासून चाकांपर्यंत दोन्ही बाजूंनी लांब दांडे येतात. चाक बाहेर सरकवलं की खरं तर दांडा आखूड पडायला हवा. तो पडत नाही. बाहू मागं झुकलेला असल्यामुळं चाक जेवढं बाहेर जातं तेवढं थोडं मागंही येतं, आणि दांड्याच्या मागच्या टोकाशी जो एक गोळा बसलेला असतो, त्याच्यापासूनचं त्याचं अंतर जवळजवळ तेच राहतं. दूर सरकायचं, तेही वळत, मागच्या एका बिंदूचा धाक न मोडता.

शेजारच्या तात्यांच्या ट्रॅक्टरला ही सोय नव्हती. तिथं प्रत्येक भोकामागं टायरॉडही लांबवावा लागे; नाहीतर दोन चाकं दोन गावांना निघायची.

आमच्याकडं काम संपलं तरी आप्पा दोरी काढायचेच. दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर, मग मागच्या कडांमधलं, दोन्ही चाकाच्या मध्याच्या उंचीवर. पुढचं अंतर कणभर कमी हवं, पाव इंचाच्या आत. उभं असताना चाकांनी एकमेकांकडं इतकं झुकावं, की चालायला लागल्यावर रानाच्या रेट्यानं ती बरोबर सरळ होतील. दोरी दोन चिमटींत धरून आप्पा गुडघ्यावर बसत, एक डोळा मिटत, आणि त्यांच्या कपाळावर घाम आणि डिझेलचा एक मिश्र थेंब बराच वेळ पडू की नको करत राही. मृगाची हवा असायची. दमट, धुळीच्या वासाची, लांब कुठंतरी गुरगुरणारी.

बैलांच्या काळातही हे होतंच म्हणा. नांगराचं जू आखूड, कोळपणीचं लांब. कारण कोळपताना बैलांनी ओळींमधून चालायचं, आणि मधल्या ओळी त्यांच्या खुरांपासून वाचायला हव्यात. आजोबांच्या सोप्यात दोन्ही जुवं आढ्याला टांगलेली असत. लांब जू काढलं की बैलांच्या तोंडाला मुसकी चढायची आणि ते एकमेकांपासून दूर, तरी एकाच आडव्या लाकडाखाली, पानांच्या दोन्ही बाजूंनी निघायचे. पिकाला हात न लावता पिकातून जाण्याची सगळी विद्या त्या लाकडाच्या लांबीत होती. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांसारखी खटपट मात्र बैलांनी कधी मागितली नसेल! ती फाकवायची तर चाकाचा खोलगट भाग आतला बाहेर करायचा, आणि टायरवरच्या तिरक्या दातांची दिशा उलटू नये म्हणून डावं चाक उजवीकडं, उजवं डावीकडं न्यायचं. चार माणसं, दोन पहारी, शिव्या आणि चहा.

यंदा पुतण्यानं नदीकडच्या तुकड्यात सरी पाच फुटांची काढली. ऊस तोडायला यंत्र येणार, त्याला रुंद सरी लागते. टोळ्या मिळेनाशा झाल्यात. इतकी वर्षं लोखंड रानाच्या मापानं सरकायचं, आता रान लोखंडाच्या मापानं सरकलं. मला ते जरा लागलं, आप्पांना अजिबात नाही. आता खाली वाकवत नाही त्यांना. खुर्ची ट्रॅक्टरपुढं ओढून बसले आणि काठीच्या टोकानं एक्सलवरची भोकं मोजू लागले.

"चाराची पाच झाली. म्हणजे बारा इंच. दोन्हीकडं सहा-सहा."

"किती भोकं, आप्पा?" पुतण्यानं खालूनच विचारलं.

"तीन. आणि पाचरी ठोकल्यास का आधी?"

ठोकल्या नव्हत्या. तो निमूट बाहेर आला आणि बाभळीचे तुकडे शोधायला गोठ्याकडं गेला.