चिकपेटचा बस्ता आणि गळके इंजिन

बंगळूरचे चिकपेट पाहायचे असेल तर सकाळी दहाच्या आत गाठावे. दुकानांची शटर्स अर्धी वर गेलेली असतात, हमालांच्या डोक्यावर रेशमी साड्यांचे गठ्ठे असतात आणि रस्ता अजून माणसांना चालू देत असतो. अकरा वाजले की संपले! मग टेम्पो, हातगाड्या, स्कूटर आणि लग्नाच्या खरेदीला आलेली घरेच्या घरे एकमेकांत अशी गुंतून बसतात की बघत राहावे. २०१७ साली येथे जमिनीखाली मेट्रोचे स्थानक झाले, त्यामुळे निदान पोहोचणे तरी सोपे झाले आहे.

कन्नडमध्ये चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठे. केंपेगौडांनी १५३७ साली हे शहर वसवले तेव्हा पूर्व-पश्चिम जाणारी ती चिक्कपेटे आणि उत्तर-दक्षिण जाणारी ती दोड्डपेटे. दोड्डपेटेला आज अव्हेन्यू रोड म्हणतात. भोवतालच्या गल्ल्यांना धंद्यांची नावे मिळाली. तांदळाची अक्कीपेट, बांगड्यांची बळेपेट, कुंभारांची कुंभारपेट, तेल्यांची गाणिगरपेट. आपल्या पुण्याच्या पेठांत फिरलेल्या माणसाला येथे परके वाटत नाही, आणि वाटायचे कारणही नाही. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या स्वारीनंतर ही जहागीर शहाजीराजांकडे आली आणि त्यांचा मुक्काम येथेच होता. पुढे १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांनी ते तीन लाखांना घेतले असे सांगतात. आज त्या रकमेत येथे दुकानाची पायरीही मिळणार नाही!

मराठी बोल मात्र राहिले आहेत. भावसार आणि शिंपी समाजाची जुनी घरे या पेठांत आहेत. त्यांच्या मराठीत कन्नडचे हेल असे मुरले आहेत की नवख्याला दोन वाक्ये थांबून ऐकावे लागते. त्यांच्यानंतर आले ते सांगली जिल्ह्यातले गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीकडची ही कष्टाळू माणसे देशभर सराफांच्या पेठांत पसरली आहेत. जुने सोने आणायचे, वितळवायचे, तेजाबात त्यातली चांदी-तांबे विरघळवून शुद्ध सोने वेगळे काढायचे, हा त्यांचा धंदा. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा ते वाया जाऊ देत नाहीत.

चिकपेटजवळच्या एका बोळात अशीच एक गलाईची भट्टी आहे. मालक मूळचे खानापूर तालुक्यातले, राहायला शेजारच्या चामराजपेटेत. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलीचे लग्न गावी ठरले. बस्ता अर्थातच चिकपेटात बांधला. शालू, नऊवार, मानपानाच्या साड्या आणि मुलीच्या आजीसाठी खास निवडलेले मऊ रेशमी लुगडे. आजी ऐंशीच्या पुढच्या. रात्रभराची बस त्यांना झेपत नाही. म्हणून तो लांबचा प्रवास २००८ साली घेतलेल्या मारुती ८०० मधून करायचे ठरले.

गाडी लांब जाणार म्हणून गृहस्थांनी तिची सेवा केली. ऑइल बदलायला गेले तेव्हा कोणीतरी इंजिन फ्लशची बाटली सुचवली. हे एक पातळ, गाळ विरघळवणारे रसायन. जुने ऑइल काढण्याआधी त्यात ओतायचे, दहा-पंधरा मिनिटे इंजिन जागेवरच चालू ठेवायचे आणि सगळे काळे पाणी खाली सोडून नवे ऑइल व फिल्टर घालायचा. आयुष्यभर सोन्यातला मळ काढणाऱ्या माणसाला ही कल्पना न पटती तरच नवल!

तिसऱ्या दिवशी गाडीखाली रुपयाएवढा काळा डाग पडला. पाचव्या दिवशी तो बशीएवढा झाला.

‘‘अहो, आईंना घेऊन या गाडीतून जायचं? वाटेत बंद पडली तर?’’ पत्नीने विचारले. प्रश्न रास्त होता. ऑइल कमी झालेले इंजिन नुसते बंद पडत नाही, ते आतून घासून जाम होते. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली वाकून पाहिले आणि निकाल दिला, ‘‘मागचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्यापेक्षा इंजिनच खोला.’’ लग्नाला नऊ दिवस उरले होते आणि बस्त्याचे पैसे नुकतेच दिले होते.

असे का झाले असावे? जुन्या इंजिनातली रबरी सील आणि पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात, आकसतात. त्या फटीत ऑइलचा गाळ जाऊन बसतो आणि मेणासारखा गळती अडवून धरतो. फ्लशने गाळ धुऊन नेला की फट उघडी पडते. बाटलीने सील फाडले असे म्हणणे अन्यायाचे, ते आधीच संपलेले असते. शिवाय दुसरीही शक्यता असतेच. ऑइल बदलताना खालच्या बोल्टचा वायसर बसला नाही, किंवा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला, तरी ऑइल गळते आणि दोष मात्र बाटलीला लागतो.

गलाईच्या दुकानात ही कहाणी ऐकून शेजारचे एक भावसार दुकानदार म्हणाले, ‘‘इंजिन खोलायची घाई नको करू बाबा. जे. सी. रोडला जा, तिथं म्हातारे मेस्त्री आहेत.’’ के. आर. मार्केट ओलांडून टाउन हॉलकडे गेले की जे. सी. रोड लागतो. मोटारींच्या सुट्या भागांसाठी हा रस्ता प्रसिद्ध. चिकपेटात जशी जर पारखतात, तशी येथे बेअरिंग आणि सील पारखली जातात.

म्हाताऱ्या मेस्त्रींनी आधी काहीच उघडले नाही. गेजपट्टी काढून ऑइलची पातळी पाहिली, खालचा बोल्ट आणि फिल्टर तपासला. दोन्ही कोरडे. मग ब्रश आणि रॉकेलने इंजिन बाहेरून धुतले, पुसून कोरडे केले आणि वरून चक्क अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरली. वीस मिनिटे इंजिन चालू. मग बॅटरी घेऊन पाहणी, तीही वरून खाली.

‘‘अण्णा, ऑइल खाली टपकतं, पण येतं वरून,’’ ते मोडक्या हिंदीत म्हणाले.

पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटली होती. ती निघत होती इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कोपऱ्यातून आणि उतरत होती थेट इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत. खालून पाहणाऱ्याला मागचे सील गेले असेच वाटणार! पण गिअरबॉक्स उतरवायची गोष्ट करण्याआधी पाच मिनिटे वर पाहायला कोणाची हरकत होती?

मेस्त्री तेवढ्यावर थांबले नाहीत. इंजिनातली वाफ बाहेर नेणारी रबरी नळी त्यांनी काढली, तर ती काळ्या गाळाच्या गुठळ्यांनी जवळजवळ बुजलेली. आतला दाब कोंडला की तो ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नुसते पॅकिंग बदलले असते तर आठवड्याने दुसरीकडून गळले असते.

समोरच्या दुकानातून पॅकिंग आले, काही शे रुपयांत. जुने काढले तेव्हा ते बिस्किटासारखे मोडले. नळी साफ झाली. सुटलेला गाळ अजून आत फिरत असेल, तो ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसला तर दाब जातो, म्हणून ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदलायला लावले. गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली घालू का, असे गृहस्थांनी विचारले. अशा औषधाने रबर थोडे फुगते आणि थेंब काही काळ थांबतो, पण मेस्त्रींनी हात जोडले. एका बाटलीचा अनुभव पुरेसा होता!

‘‘रात्री खाली पेपर टाका, आणि वाटेत प्रत्येक चहाला पट्टी बघा. ऑइलचा लाल दिवा लागला तर लग्न असो की बारसं, तिथंच इंजिन बंद,’’ एवढे सांगून ते पुढच्या गाडीकडे वळले.

चार रात्री गाडीखाली पेपर अंथरला गेला. पहिल्या रात्री दोन थेंब पडले, धुतलेल्या इंजिनाचे निथळलेले. पुढच्या तिन्ही रात्री कोरडा. पाचव्या पहाटे आजी पुढच्या सीटवर बसल्या, बस्त्याचे गाठोडे मागे पोरांच्या मांडीवर आले. तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव असे करत गाडी निघाली. चित्रदुर्गाच्या अलीकडे पहिला चहा झाला. गृहस्थांनी इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबून बॉनेट उघडले, पट्टी पुसली, बुडवली, पुन्हा काढली. ऑइल वरच्या खुणेलाच होते.

‘‘काय बघतोस रं एवढं?’’ आजींनी काचेतून विचारले.

‘‘काही नाही आई, चहा घे,’’ म्हणत त्यांनी पट्टी जागेवर घातली.