अक्कोची सहल आणि फोनमधली रेघ



गेल्या हिवाळ्यात आमच्या वृद्ध मंडळाची सहल अश्दोदहून अक्कोला गेली होती. घरी आल्यावर नातवाने माझा फोन उघडला. "आजी, दिवसभर कुठे कुठे फिरलीस ते बघ!" नकाशावर निळी रेघ. १७८१ सालच्या अल-जझ्झार मशिदीपाशी पंधरा मिनिटं, आणि बाजारातल्या एकाच गल्लीत पन्नास! "म्हणजे तू खरेदीवाली टूरिस्ट," म्हणून तो हसला.

खरेदी कसली? मासळीवाल्याकडे ताजी बोई होती, खवले नुसते चमकत होते. तो वास आला आणि मला नवगावचा किनारा आठवला. आई खवले बघून मगच मासळी घ्यायची. गुडघाही ठणकत होता. शेजारच्या दुकानदाराने स्टूल दिलं, बसून राहिले. घेतलं काहीच नाही.

नातू विद्यापीठात भूगोल शिकतो. त्याने सांगितलं की आपल्या हिब्रू विद्यापीठातले नोआम शोवाल आणि मिखाल आयझॅकसन यांनी याच जुन्या अक्कोत पाहुण्यांकडे जीपीएस यंत्रं देऊन त्यांच्या वाटा नोंदल्या होत्या. तो निबंध २००७ साली छापून आला. कोण आधी कुठे गेला, मग कुठे, हा क्रम त्यांनी डीएनएचे क्रम जुळवतात तसा जुळवला, आणि सारख्या वाटेने फिरणाऱ्यांचे गट पाडले. मला तर फारच कौतुक वाटलं. आता तेच काम खिशातला फोन करतो. गर्दी कुठे होते, लोक कुठे रेंगाळतात ते कळतं. मात्र माणसाला विचारूनच नोंदावं, पेशंटला विचारतो तसं.

पण एक गंमत. क्रुसेडरांच्या दगडी दालनांत आम्ही तासभर होतो. वर एवढं जाड छत, उपग्रहाचा सिग्नल पोचतो कुठे? रेघ तिथे तुटलेली. नकाशापुरती मी तासभर नव्हतेच!

आणि बंदर. गुडघ्यामुळे तिथवर पोचलेच नाही. वाटेत टेकायला बाक दिसला नाही. आता रेघ बघणारा म्हणेल, या बाईला समुद्राची आवड नाही. वॉर्डात आम्ही तापाचा तक्ता भरायचो, पण खाटेशी जाऊन "काय होतंय?" हेही विचारायचो. तसं नातवाला सांगितलं. त्याने वहीत लिहून घेतलं, आणि पेसाखनंतर मला गाडीने थेट बंदरावर नेतो म्हणालाय.