तोंड तळ्याकडे

मोंटानातल्या लेक मॅक्डॉनल्डच्या काठी जॉन लुइसनं हॉटेल बांधायला काढलं, तेव्हा तिथवर गाडीरस्ता नव्हता. पाहुणे आगगाडीतून उतरायचे आणि पुढे बोटीत बसून 16 किलोमीटर लांबीच्या त्या तळ्यावरून यायचे. म्हणून वास्तुरचनाकार कर्टलँड कटरनं घराचं तोंड पाण्याकडे केलं. बांधकामाचं सामानही असंच आलं, काही बोटीतून, काही हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ओढत. जून 1914 मध्ये दारं उघडली.

लुइस कातड्यांचा व्यापारी. त्यानं दिवाणखान्यात सालीसकट सीडरचे खांब उभे केले, माणूस उभा मावेल एवढी शेकोटी केली, भिंतींवर शिकारीची मुंडकी लावली. जमिनीच्या सिमेंटमध्ये इथल्या आदिवासींच्या भाषांतली स्वागताची वाक्यं कोरून घेतली. त्यांच्याच मुलखात बांधलेल्या घराच्या जमिनीवर त्यांचे शब्द, हे वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. आजूबाजूला भाड्यानं द्यायच्या लाकडी केबिन.

आणि 1930 साली त्यानं हे सगळं विकलं.

घर विकलं म्हटलं की आपल्या पोटात कालवतं. वाडा विकला, शेत विकलं, हे आपल्याकडे आवाज खाली आणूनच सांगतात. पण लुइसनं विकलं तरी काय? तळं त्याचं नव्हतंच. समोरचे डोंगरही नव्हते, तो सारा मुलूख 1910 मध्येच ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान झाला होता. त्याच्या हाती होते ते खांब, ती शेकोटी आणि केबिनच्या किल्ल्या. हे सगळं उद्यानाकडे गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं. एखाद्या धनिकानं घेतलं असतं, तर काठावर फाटक लागलं असतं.

शिवाय असं घर जपणं एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नसतं. 1964 च्या जूनमध्ये शेजारचा ओढा फुगला आणि भोजनगृहाची नासधूस झाली. 2017 मध्ये वणवा इतका जवळ आला की हॉटेल रिकामं करावं लागलं. डोंगरातलं स्पेरी शॅले हे जुनं मुक्कामघर त्या वणव्यात जळालं, हॉटेल मात्र बचावलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या वणव्यात पलीकडच्या काठावरची काही जुनी खाजगी घरं गेली. विकण्यात कमीपणा नाही. कुणाच्या हाती दिलं आणि त्यानंतर दार कुणाला उघडं राहिलं, एवढंच विचारावं. इथे उन्हाळ्यात कुणीही पैसे भरून केबिनमध्ये रात्र काढू शकतं.

आता मोटारी मागच्या बाजूनं येतात आणि लोक मागच्या दारानंच आत शिरतात. तुम्ही कधी गेलात, तर आधी धक्क्यावर जा. विक्रीच्याच साली, 1930 मध्ये बांधलेली ‘डीस्मेट’ ही लाकडी बोट उन्हाळ्यात तिथून सुटते. तिच्यात बसा आणि ते घर पाण्यावरून पाहा.