तासिकेबाहेरचे काम

महाविद्यालयीन प्राध्यापकाचे काम तासिकांत मोजण्याची पद्धत जुनी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतही सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा कार्यभार किमान ४० तासांचा धरून त्यातले १६ तास प्रत्यक्ष अध्यापनासाठी ठरवले आहेत. उरलेल्या वेळेत वाचन, संशोधन, उत्तरपत्रिका तपासणे आणि विद्यार्थ्यांच्या शंका ऐकून घेणे अपेक्षित आहे. तंत्रज्ञानाने सर्वाधिक उलथापालथ केली ती या उरलेल्या वेळेत, आणि ऑनलाइन शिक्षणावरची चर्चा मात्र फळा चांगला की पडदा चांगला, याच प्रश्नाभोवती फिरत राहिली.

उत्तरपत्रिका तपासणीचेच पाहावे. ऑन-स्क्रीन मूल्यांकन म्हणजे उत्तरपत्रिका स्कॅन करून तिची पाने परीक्षकाला संगणकावर दाखवणे, गुण तेथेच भरून घेणे आणि बेरीज यंत्रावर सोपवणे. पद्धत मुळात चांगली, कारण बेरजेच्या चुका टळतात आणि गठ्ठ्यांची ने-आण वाचते. परंतु मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांसाठी ती पुरेशा पूर्वतयारीविना एकदम सर्व विद्याशाखांना लागू केली, तेव्हा लाखो उत्तरपत्रिकांचे स्कॅनिंग रेंगाळले, ४५ दिवसांत लागायचे निकाल काही महिने लांबले, मधल्या काळात तासिका थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवावे लागले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. या गोंधळात एक बारीक गोष्ट दुर्लक्षित राहिली. दीर्घोत्तरी प्रश्न तपासताना जाणता परीक्षक पुन्हा पुन्हा मागचे पान उलटतो, विद्यार्थ्याने आरंभी मांडलेला मुद्दा शेवटी टिकवला आहे का ते ताडून पाहतो. पडद्यावर प्रत्येक पान उमटण्याची वाट पाहावी लागली, की हे मागे जाणे हळूहळू बंद होते. गुण दिले जातात, बेरीजही अचूक येते, पण उत्तर सलग वाचले जात नाही.

मार्च २०२० नंतर वर्गच पडद्यावर आले आणि कॅमेरे बंद ठेवलेल्या चौकोनांसमोर बोलताना, कोणाला समजले आणि कोण केवळ मान डोलावतो आहे, हे चेहऱ्यावरून ओळखण्याचे प्राध्यापकाचे कौशल्य निरुपयोगी ठरले. टाळेबंदी संपली तरी तिच्या सवयी उरल्या. व्हॉट्सॲप गटावर रात्री उशिरा येणारी शंका, मोबाइलवर टिपलेल्या हस्तलिखित पानांच्या पीडीएफ, आणि त्यांच्या जोडीला पुराव्यांची वाढती मागणी. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेसाठी साध्या अतिथी व्याख्यानाचीही स्थळ-काळाची नोंद उमटलेली, म्हणजे जिओ-टॅग केलेली छायाचित्रे जपावी लागतात. पारदर्शकतेचा हेतू योग्यच आहे. पण व्याख्यान चालू असताना ते ऐकण्याऐवजी छायाचित्र नीट आले का याची काळजी आयोजक प्राध्यापकाला करावी लागत असेल, तर त्या पुराव्याने नेमके काय सिद्ध होते, हे विचारलेच पाहिजे.

लाभ नाकारण्याचे कारण नाही. विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेमुळे लहान गावातल्या महाविद्यालयातही संशोधनपत्रिका वाचता येतात. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावरील अभ्यासक्रम दुर्गम भागातल्या विद्यार्थ्याला उपलब्ध होतात. मात्र तो अभ्यासक्रम अर्ध्यावर सुटू नये म्हणून विद्यार्थ्याला धरून ठेवणारा माणूस स्थानिक प्राध्यापकच असतो, आणि त्याच्या या कामाला कार्यभाराच्या तक्त्यात रकाना नाही.

सर्वांत मोठा अन्याय तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांवर होतो. प्रत्यक्ष घेतलेल्या तासांपुरतेच मानधन ही त्यांच्या नेमणुकीची अट. त्यामुळे सादरीकरण तयार करणे, ध्वनिचित्रफीत मुद्रित करणे, पोर्टलवर गुण आणि उपस्थिती चढवणे हे सारे त्यांच्याकडून विनामोबदला होते, आणि इंटरनेटचा खर्चही बहुधा त्यांच्याच खिशातून जातो. यंत्रे आणि सॉफ्टवेअर यांसाठी निधी मंजूर करताना शासनाने आणि विद्यापीठांनी या कामाचे तासही कार्यभारात धरावेत, आणि त्याची सुरुवात तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांच्या मानधनापासून करावी.