मामीची शिफ्ट

माझ्या मामांची नाडी हाताला लागत नाही. साध्या सर्दी-खोकल्यासाठी सोलापुरात नव्या डॉक्टरकडे गेलं, की ते एक मनगट धरतात, मग दुसरं धरतात, मग आमच्याकडे बघतात. मामी शांतपणे सांगते, "त्यांना पंप बसवलाय."

या पंपाला एलव्हॅड म्हणतात. तो हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाशी बसतो, तिथलं रक्त ओढतो आणि महाधमनीत ढकलतो. मामांचा पंप हार्टमेट ३ आहे. त्यातलं चक्र चुंबकाच्या जोरावर तरंगत मिनिटाला हजारो फेरे घेतं. रक्त जवळजवळ सलग वाहतं, म्हणून ठोका हाताला लागत नाही. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला जाते आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. पूर्ण भरलेली जोडी जास्तीत जास्त १७ तास चालते. एक बदलताना दुसरी जोडलेलीच ठेवायची. रात्री मात्र पंप घरच्या लाइटवर चालतो.

आणि मे महिन्यात लाइट कधी जाईल, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. लाइट गेली की अलार्म वाजतो. कंट्रोलरमधली राखीव बॅटरी साधारण १५ मिनिटं पंप चालवते. तेवढ्यात मोठ्या बॅटऱ्या जोडायच्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे ऑन-कॉल असतो. सर्व्हर पडला तर रात्री तीनलाही फोन येतो. पण ती पाळी आठवड्याने बदलते, कारण एकच माणूस कायम जागा राहिला तर तो थकतो, हे कंपनीलाही कळतं. मामी मात्र पंप बसला त्या दिवसापासून एकटीच ऑन-कॉल होती. बॅटऱ्या तीच बदलायची, वायरच्या जागेचं ड्रेसिंग तीच करायची. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांचं आणि आयएनआर तपासणीचं वेळापत्रकही तिच्याकडेच. मेथी-पालक एक दिवस भरपूर आणि मग आठवडाभर नाही, असं चालत नाही, कारण त्याने गोळीचं गणित बिघडतं. म्हणून स्वयंपाकही त्याच हिशेबाने. अक्कलकोट तासाभरावर, पण दीड वर्षात ती माहेरी गेली नव्हती.

एका रात्री गच्चीवर मामा मला म्हणाले, "मरणाचं काय नाय रे. ही झोपत नाही, त्याचं वाटतं." मग हळूच सांगितलं, की पायावर सूज येते, दम लागतो, पण मी बोलत नाही. बोललो की ही आणखी जागते.

मला त्याची भीती वाटली. यंत्राला अलार्म आहे. पण पेशंटच गप्प बसायचं ठरवतो, त्याला अलार्म नाही.

ब्रिटनच्या पीटर हॉटन यांना २००० साली ऑक्सफर्डमध्ये जार्विक २००० हा पंप बसवला. हातात थोडेच आठवडे आहेत असं वाटत असलेला हा माणूस त्यानंतर सात वर्षांहून जास्त जगला. पंपानंतर भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं. ते वाचून मामांचं तासन्‌तास टीव्हीकडे नुसतं बघत बसणं मला वेगळं दिसायला लागलं. पुढच्या तपासणीला आम्ही सूज आणि दम यांच्याबरोबर तेही डॉक्टरांना सांगितलं. औषधं बदलली, समुपदेशकाची वेळही मिळाली.

घरी आम्ही कॅलेंडर केलं. मामांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवलेत. बॅटऱ्या बदलायचं प्रशिक्षण त्यांना रुग्णालयातच मिळालं होतं, पण काळजीपोटी ते काम मामीने काढून घेतलं होतं. ते त्यांना परत दिलं. पहिल्या दिवशी मामी दारात उभी राहून बघत होती. मामा म्हणाले, "जा की तू, चहा टाक." मामेबहिणीने नर्सकडून ड्रेसिंग शिकून घेतलं. मी महिन्यातला एक आठवडा सोलापुरातून काम करतो, त्या आठवड्यात अलार्म माझा.

मग मामी अक्कलकोटला दोन रात्री राहून आली. पहिल्या रात्री चार वेळा फोन केला, दुसऱ्या रात्री एकदाच. ती परत आल्यावर मामांनी आपणहून सांगितलं, "आज जरा दम लागला जिना चढताना." तिने लिहून घेतलं आणि रुग्णालयात फोन लावला.

एका मोठ्या अभ्यासात हार्टमेट ३ बसवलेल्यांपैकी पाच वर्षांनी १०० पैकी साधारण ५८ जण हयात होते. पाच वर्षं म्हणजे १,८००हून जास्त रात्री. तुमच्या ओळखीत असा पेशंट असेल तर त्याची चौकशी कराच. पण सोबत असणाऱ्या माणसालाही विचारा, शेवटची सलग झोप कधी झाली. आणि जमत असेल, तर एक रात्र मागून घ्या.