शेवटची चाळणी

आमच्या आत्याच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना तीन चाळण्या टांगलेल्या असतात. एक रव्याची, एक पिठाची आणि एक मैद्याची. दिवाळीआधी चकलीची भाजणी दळून आली की खाली वर्तमानपत्र पसरून ती बसते आणि चाळणी तळव्यावर थापटीत राहते. यंदा मी समोर बसलो होतो. बोलता बोलता म्हणालो, "आत्या, माझाही धंदा चाळणीचाच आहे बरं का."

चष्म्यावरून पाहत ती म्हणाली, "तू तर कॉम्प्युटरवाला ना रे?"

मग मला सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. क्लाऊड म्हणतात त्यात ढगबिग काही नसतो. थंडगार खोलीत घणघणणारी मोठी यंत्रे असतात आणि एकेका यंत्राच्या पोटात अनेक लहान, मानीव यंत्रे नांदत असतात. ती व्हर्च्युअल मशीन्स. कोणी नवे मशीन मागितले की ते कोणत्या यंत्राच्या घरी द्यायचे, हे ठरवावे लागते. आमच्याकडे हा कारभार ओपनस्टॅक या सॉफ्टवेअरवर चालतो. २०१० साली अमेरिकेत नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून ते सुरू केले. त्यातला 'नोव्हा' हा भाग मशीन्सचा संसार पाहतो आणि नोव्हातला शेड्युलर त्यांच्यासाठी स्थळे पाहतो.

स्थळे पाहण्याची त्याची रीत अगदी आपल्यासारखीच आहे. ज्यांच्याकडे मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क पुरेशी शिल्लक आहे अशांची यादी 'प्लेसमेंट' नावाची एक वेगळी सेवा आधीच काढून देते. मग चाळण्या सुरू होतात. यंत्र जागे आहे का? मागितलेल्या जातीची डिस्क आहे का? एकाच कामाची दोन मशीन्स एका घरात तर येत नाहीत ना? प्रत्येक चाळणी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणते; 'थोडे चालवून घ्या' हे तिच्या कोशात नाही. चाळून उरलेल्यांना नंतर तराजूत घालतात आणि नेहमीच्या मांडणीत, ज्याच्याकडे जागा अधिक मोकळी त्याचे पारडे जड होते. पण काही उरले तर हा तराजू! काहीच उरले नाही तर मागणाऱ्याला एकच वाक्य मिळते: योग्य यजमान सापडला नाही.

ते वाक्य एका रात्री माझ्या कपाळी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका संस्थेचे निकाल लागायचे होते. गर्दी होणार म्हणून दोन मशीन्सच्या जोडीला तिसरे हवे होते. खोलीत बारा यंत्रांत मुबलक जागा मोकळी आणि उत्तर मात्र 'स्थळ नाही'! शोध घेतला तेव्हा कळले की शेवटची चाळणी आडवी आली होती. भावंडे एका घरात नकोत, ही ती अट. अट शहाणपणाची आहे. एक यंत्र जळाले तरी दुसऱ्यावरचे मशीन जगावे, म्हणून ती असते. पण रात्रीच्या साडेअकराला शहाणपण कोणाला हवे असते? साहेब फोनवर म्हणाले, "ती अट नडतेय ना? मग गटाबाहेर उभं करा मशीन, आणि झोपा."

मी तसे करायलाही निघालो होतो. सहज म्हणून नोंदवही वर सरकवली. शेड्युलर सगळी यंत्रे गमावून बसला की प्रत्येक चाळणीत किती गेली आणि किती उरली, हे ओळीने लिहून ठेवतो. पहिली: बारा गेली, अकरा उरली, एक दुरुस्तीला होते. दुसरी, जलद डिस्कची: अकरा गेली, दोन उरली. तिसरी, भावंडांची: दोन गेली, शून्य उरले.

म्हणजे नऊ जणांचा बळी मधल्या चाळणीने घेतला होता आणि खुनाचा आळ तिसरीवर! आणि ती मधली चाळणी यंत्र उघडून डिस्क पाहतच नाही. यंत्राला माणसाने लावलेली चिठ्ठी ती पाहते. त्या नऊंपैकी सहा यंत्रांत आदल्या वर्षीच जलद डिस्का बसल्या होत्या. चिठ्ठ्या लावायचे तेवढे राहिले होते. ते काम कोणाचे होते, ते नोंदवहीत नव्हते. मला मात्र ठाऊक होते. चिठ्ठ्या लावल्या आणि मिनिटभरात मशीन उभे राहिले.

चाळण्यांचा क्रम बदलला म्हणून उरणारे बदलत नाहीत. बोल कोणाला लागायचा, तेवढे बदलते.

हे वाक्य बोलून गेलो आणि मग माझे मलाच कसेसे झाले. आत्याचे लग्न झाले नाही. आमच्या घरात त्याचे कारण एका वाक्यात सांगतात: "तिनेच नकार दिला." खरेही आहे ते. आजोबांना मंगळ चालत नव्हता. पुष्कळ स्थळे तिथेच गळली. मंगळ तरी कोणी पाहिला होता? कागद पाहिला होता. आजीला मुलगी घाटाखाली द्यायची नव्हती. थोरल्या काकांना सरकारी नोकरीच हवी होती. आणि शेवटी उरलेल्या दोघांनी शाळेतली नोकरी सोडायला सांगितली, तेव्हा आत्या 'नाही' म्हणाली. तिची तेवढी एकच अट होती. पुढे ती मुख्याध्यापिका झाली, गावातल्या दोन पिढ्या तिच्या हाताखालून गेल्या. पण लग्नकार्यात तिचा विषय निघाला की ते वाक्य अजून तसेच येते. मीही ते कितीदा म्हटले असेल.

आत्याचा हात थांबला होता. चाळणीत राहिलेला कोंडा तिने बोटाने एका कडेला घेतला.

"आधीच्या चाळण्यांत किती गेले, ते तुमच्या यंत्रात लिहिलेलं असतं म्हणालास?"

"असतं, आत्या."

"बरं आहे बाई तुमच्या यंत्रांचं," ती म्हणाली आणि कोंडा डब्यात टाकून तिने दुसरी मूठ चाळणीत घेतली. "ऊठ, तो सोऱ्या धुऊन आण."