अकरा नग

अकराचा पाढा मी जप्तीच्या सागवानावर बसून पाठ केला.

बाबा वनरक्षक होते. सिरोंचा तालुक्यात, प्राणहितेच्या काठाला आमचं क्वार्टर. क्वार्टरच्या मागच्या आवारात पकडलेला माल पडलेला असायचा. सागाचे लठ्ठे, चिराण, तीन-चार सायकली आणि एक बैलगाडी, जिच्या चाकातून बेशरमीचं झुडूप वर आलं होतं. पावसाने लठ्ठ्यांवरचे नंबर पुसट झाले की बाबा मला खडू द्यायचे. ते रजिस्टर उघडून आकडा वाचणार, मी तो गिरवणार. त्यांच्या भाषेत लाकूड म्हणजे ‘नग’. एक नग कमी आला तर साहेब त्यांनाच विचारणार, वसुली त्यांच्याच पगारातून.

२००१ चा पावसाळा संपत आला होता. एका पहाटे बाबा डोक्यापासून पायापर्यंत भिजून घरी आले. रात्री नदीत तराफा पकडला होता. तेव्हा पलीकडे आंध्र होतं, आता तेलंगण आहे. लाकूड पलीकडच्या काठाला लागलं की बाबांच्या हातातून गेलं. दुपारी ट्रॅक्टरमधून लठ्ठे आले आणि मी त्यांच्यावर एक ते अकरा आकडे घातले.

वर्गात माझ्या शेजारच्या बस्करावर बसणारा मुलगा त्यानंतर आठवडाभर आला नाही. त्या तराफ्यावर त्याचा बाप होता. ज्याच्यासाठी माल चालला होता तो माणूस पलीकडचा, तो कधीच सापडला नाही. सापडला तो मजुरीवर लाकूड वाहणारा. मुलगा परत आला तेव्हा माझ्याशी बोलेना. मधल्या सुट्टीत मात्र आमच्या आवाराच्या कुंपणाशी येऊन उभा राहायचा आणि लठ्ठ्यांकडे बघायचा.

आमच्या शाळेच्या एका खोलीला दार नव्हतं. चौकट वाळवीने खाल्ली होती, म्हणून काढून टाकलेली. पावसात गावच्या शेळ्या आत येऊन बसायच्या. सकाळी आम्ही लेंड्या झाडायच्या, मग प्रार्थना. गुरुजींनी एकदा बाबांना अडवलं. “गार्डसाहेब, एवढं सागवान पडून आहे. एका दाराचं द्या ना. तुमची पोरगी पण इथंच शिकते.”

बाबा म्हणाले, “गुरुजी, ते माझं नाही. मुद्देमाल आहे.”

गुरुजींनी रीतसर अर्ज केला. उत्तर आलं, प्रकरण प्रलंबित आहे. मला बाबांचा भयंकर राग आला होता. घरामागे लाकडाचा ढीग आणि शाळेत शेळ्या, याचं कुठलंही स्पष्टीकरण नऊ वर्षांच्या मुलीला पटत नाही. खरं सांगायचं तर मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही.

आता कायदा वाचलाय, म्हणून अडचण कुठे होती ते कळतं. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या कलम ५२ खाली वनाधिकारी माल जप्त करू शकतो, पण जप्त झाला म्हणजे तो सरकारचा झाला असं नाही. महाराष्ट्रात कलम ६१-अ खाली तो सरकारजमा करण्याचा आदेश सहायक वनसंरक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. त्याआधी नोटीस, समोरच्याचं म्हणणं, आणि त्यानंतर अपील. हे असायलाच हवं, कारण कधीकधी लाकूड खरोखर त्या माणसाच्या स्वतःच्या शेतातलं निघतं. कलम ५८ मला सगळ्यात गमतीचं वाटतं. लवकर नासणारा माल खटला संपायच्या आत विकता येतो. सागवान लवकर नासत नाही. म्हणून ते हळूहळू नासतं.

आमचे अकरा नग सात वर्षं पावसात होते. सागाचा गाभा टिकाऊ, पण बाहेरचा पांढरट भाग वाळवी सोडत नाही. खालचे लठ्ठे जमिनीला टेकलेले होते, ते आधी गेले. वरच्यांना उन्हाने भेगा पडल्या. लिलाव झाला तेव्हा बाबांची बदली झालेली होती. कोणीतरी फोनवर सांगितलं की हलक्या प्रतीचा माल म्हणून गेला. शाळेच्या खोलीला तोवर पत्र्याचं दार बसलं होतं. २०२३ मध्ये बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं. ते रीतसर तोडीचं होतं, जप्तीचं नव्हे. तरी त्या मिरवणुकीचे व्हिडिओ बघताना मला ते पत्र्याचं दारच आठवत होतं.

पुण्यात नोकरीला लागल्यावर फिलिपिन्सबद्दल वाचलं. २०११ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो यांनी नैसर्गिक जंगलातली तोड थांबवली, आणि पकडलेलं बेकायदा लाकूड सरकारी शाळांच्या खुर्च्या-बाकांसाठी द्यायला सुरुवात झाली. ब्राझीलमध्येही २००८ च्या एका फर्मानानुसार जप्त लाकूड दान करता येतं. मी उत्साहात बाबांना फोन लावला. मला वाटलं, ते हळहळतील.

ते म्हणाले, “चांगलं आहे. पण मग पुढच्या वर्षी बाकं कमी पडली, तर साहेब मला म्हणणार, पकड कोणाला तरी. मी कोणाला पकडणार? सायकलवाल्याला. मोठा ट्रक माझ्याच्यानं थांबत नाही, माय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरीही मला वाटतं, लाकूड द्यावं. पण बाकांची मागणी आहे म्हणून जप्ती, असं होता कामा नये. आधी मोजमाप, फोटो, पंचनामा पक्का, मग ठरलेल्या मुदतीत निर्णय आणि लाकूड शाळेला, अंगणवाडीला. पोलीस ठाण्यांत सडणाऱ्या मुद्देमालाबद्दल सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच हे सांगितलंय: फोटो काढा, पंचनामा करा, माल अडवून ठेवू नका. वनगुन्ह्यांची वाट वेगळी आहे, पण फोटो काढायला कुठल्या कलमाची आडकाठी आहे?

२०१९ मध्ये सिरोंच्याला गेले होते. स्टँडवर काळी-पिवळीच्या दाराला टेकून तो उभा होता. त्यानेच ओळखलं. चहा घेतला. त्याचे वडील वारले होते. शाळा त्याने सातवीत सोडली. मी त्याला बाकांचं सगळं सांगत बसले, आपल्या शाळेला ते लाकूड मिळायला हवं होतं वगैरे. तो ऐकून घेत होता.

मग म्हणाला, “चौदा होते ना?”

“अकरा,” मी म्हटलं. “मी स्वतः नंबर घातलेत.”

“बाप चौदा म्हणायचा. मरेपर्यंत. चौदाची मजुरी ठरली होती त्याची.” तो हसला. “जाऊ दे. तू गार्डसाहेबांची पोरगी, तुला नीट माहीत असेल.” चहाचे पैसे त्याने देऊ दिले नाहीत.

त्या रात्री लॉजवरून बाबांना फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. आधी वाटलं रेंज गेली.

“तीन बुडाले,” ते म्हणाले. “पकडापकडीत बांबू सुटले. ओलं सागवान तरंगत नाही, बांबू सुटला की तळाला जाते. काळोख होता, धार होती. कोण काढणार?”

हे खरंच आहे. ओलं सागवान तरंगत नाही, म्हणून तर त्याला बांबू बांधतात. बाबांनी उभ्या नोकरीत घरात फळी आणली नाही, आमचा पाट आंब्याच्या लाकडाचा होता.

ते तीन नग पंचनाम्यात लिहिले होते का, हे मी विचारलं नाही. बाबांनी जेवलीस का विचारलं. मी हो म्हटलं.